साडेसत्तावीसच्या चाकाचं कोडं

सायकलच्या टायरवर मोठ्या अक्षरांत जे लिहिलेलं असतं, त्यावर मी अडतीस वर्षं डोळे झाकून विश्वास ठेवला. त्याच्याच शेजारी बारीक अक्षरांत आणखी एक आकडा असतो. तो मी कधी वाचलाच नव्हता. वाचायची वेळ आली तेव्हा एका बाईचं मनगट मोडलं होतं, आणि ते माझ्यामुळं मोडलं होतं.

गंगाखेडला बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आता त्या जागी मोबाइलच्या काचा बदलून मिळतात. दुकानाला पाटी नव्हती. बाहेर एक जुनी रिम टांगलेली असायची, तीच पाटी. मला हा धंदा करीमचाचांनी शिकवला. ते म्हणायचे, "टायर नक्को देख बेटा, रिम देख. टायर तो कपडा है." मी हो म्हणायचो आणि टायरच बघायचो, कारण आमच्या काळात बघण्यासारखं फार नव्हतंच. गड्यांच्या काळ्या सायकलीला अठ्ठावीसचा टायर, बायापोरींच्या सायकलीला सव्वीसचा. सव्वीसमध्ये एक पातळ आणि एक जरा जाड, पण जाडवाल्या सायकली पुढं बंदच झाल्या. गिऱ्हाईक गल्लीच्या तोंडाशी दिसलं की मी खिळ्यावरून टायर काढून ठेवायचो. एवढा भरवसा होता.

मग त्या जाड टायरांच्या, गिअरच्या, पुढं स्प्रिंग असलेल्या डोंगरी सायकली आल्या. पोरं पुण्या-मुंबईला नोकरीला लागली आणि वापरून झालेल्या सायकली गावाकडं धाडायला लागली. त्यांच्यासोबत तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं आली. जिंतूरकडचे एक बागायतदार लेकीच्या गावाला आले होते, तेव्हा त्यांची नवी कोरी सायकल टेम्पोत घालून माझ्याकडं आणली. टायर असा रुंद की मांडीवर घेतला तर तक्क्यासारखा वाटावा. त्यांची तक्रार अशी की वावरात शंभर पावलं गेलं की चाक फिरणंच बंद होतं. मी बघितलं तर चाक धरणारा फोर्क आणि टायर यांच्या मधल्या फटीत काळी माती ठासून भरलेली, वाळून दगड झालेली.

"पाटील," मी म्हणालो, "ह्यो टायर वाळूला चांगला, मुरमाला चांगला. आपल्या काळ्या रानात ओल असली की ह्यो माती गोळा करतोय. पातळ घाला. पातळ टायर चिखल कापून खाली जातोय, आन् वर फटीला जागाबी ऱ्हाती."

"म्हंजी भारी घेऊन फसलो का मी?"

"फसला न्हाईत. रान बघून टायर घ्यायचा असतोय, सायकल बघून न्हाई."

हे मी त्यांना ऐटीत सांगितलं. ते खोटंही नव्हतं. पण जाडी-पातळीचं मला कळत होतं म्हणून मापाचंही सगळं कळतंय, असा माझा समज झाला, तो मात्र खोटा होता.

दुसरे एक दूधवाले. त्यांना पुढची स्प्रिंग नकोच होती. हँडलला कॅन अडकवला की सायकल डुलते, दूध हिंदकळतं, सबब स्प्रिंगला वेल्डिंग मारून टाका, असं त्यांचं म्हणणं. मी वेल्डिंग मारलं नाही, पण त्यांना म्हणालो, "आसू द्या हो, ती शोभेचीच हाय." ज्या स्प्रिंगच्या फोर्कला सगळे शॉकअप म्हणतात, त्याबद्दल मी प्रत्येकाला हेच सांगायचो. मी एकही शॉकअप कधी उघडून बघितला नव्हता. जे आपण उघडून बघितलं नाही ते शोभेचं आहे म्हणणं, ही मिस्त्री लोकांची जुनी पळवाट आहे.

आता वंदनाबाईंचं सांगतो.

वंदनाबाई राणीसावरगावच्या. आशाताईचं काम करायच्या, अजूनही करतात. मी लहानपणीच गंगाखेडला आलो, पण मूळ गाव माझंही तेच, म्हणून त्या मला गावच्या नात्यानं मामा म्हणतात. त्यांच्या हद्दीत डोंगरकडच्या दोन वाड्या आणि एक तांडा. दिवाळी झाली की तिथली हातीपायी धड माणसं ऊसतोडीला जातात आणि मागं राहतात ती म्हातारी माणसं, त्यांच्याजवळ ठेवलेली लेकरं. कुणाची बीपीची गोळी, कुणाचा खोकला, हे बघायला वंदनाबाई दिवसाआड जायच्या. जीप तिकडं सकाळी एकदा जाते आणि संध्याकाळी येते. पायी गेलं तर अख्खा दिवस मोडतो. त्यांच्या भावानं पुण्याहून आपली जुनी डोंगरी सायकल पाठवली आणि त्यांचं काम दुपारच्या आत आटपायला लागलं. मुरमाच्या चढावर सगळ्यात हलक्या गिअरवर बसून जाणारी बाई बघायला सुरुवातीला पोरं मागं पळायची, मग त्यांनाही सवय झाली.

एका सकाळी त्या गंगाखेडला येणाऱ्या जीपच्या टपावर सायकल टाकून माझ्या दुकानात आल्या. तोडलेल्या उसाच्या खोडक्यावर पुढचं चाक गेलं होतं आणि टायरची बाजू वीतभर चिरली होती.

"मामा, हिला सव्वीस लागंल का अठ्ठावीस?"

टायरवर साडेसत्तावीस लिहिलं होतं. असला टायर माझ्याकडं नव्हता, गावात कुणाकडंच नव्हता. परभणीहून मागवायचा तर दोन-तीन दिवस. वंदनाबाईंना दुसऱ्याच दिवशी तांड्यावर जायचं होतं, तिथं एक म्हातारी एकटी तापानं पडली होती. मी चिरलेला टायर काढला. रिम हातात धरली. डोळ्यांना ती बायकांच्या सायकलीच्या पातळ सव्वीससारखीच दिसली. खिळ्यावरचा पातळ सव्वीसचा नवा टायर काढला आणि लावून बघितला. तो बसला. नुसता बसला नाही, पाना न लावता दोन अंगठ्यांनी असा अलगद आत गेला की शेजारचा चहावाला म्हणाला, "मिस्त्री, लोण्यात सुरी गेल्यावानी बसवला." मला बरं वाटलं. मी मिशीवरून हातही फिरवला असेल.

हवा मी बेताचीच भरली. चार दिवस सायकल चालली. पाचव्या दिवशी चाक मऊ लागलं म्हणून वंदनाबाईंनी घरच्या पंपानं हवा कडक भरली आणि निघाल्या. वाडीच्या अलीकडच्या उतारावर टायर रिमवरून सुटला. ट्यूब बाहेर आली आणि बंदुकीसारखा आवाज होऊन फुटली. पुढचं चाक आडवं झालं, त्या डाव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं. पिशवीतलं बीपीचं मशीन शाबूत आहे का ते आधी बघितलं, मग मोडका हात ओढणीत बांधून दीड-दोन किलोमीटर चालत खाली आल्या. तिथं मोटारसायकलवाला भेटला.

मला हे जीपच्या ड्रायव्हरनं सांगितलं. तो गाडीतून उतरलाही नाही. काच खाली करून म्हणाला, "मिस्त्री, तुमी बसवलेला टायर निघाला. बाईचा हात मोडलाय." आणि काच वर केली.

दुसऱ्या दिवशी एसटीनं राणीसावरगावला गेलो. सोबत मोसंब्या नेल्या होत्या. त्या कुणाच्या हातात द्याव्या हेच कळेना. ओसरीत वंदनाबाईंच्या सासू गयाबाई तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, सुपाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आलाव का? आता काय, हात बसवायलाव का?"

मी मोसंब्या सुपाशेजारी ठेवल्या. वंदनाबाई आतून आल्या. हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. चेहरा उतरलेला. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागेल, आणि ऐकून घ्यायची तयारी करूनच मी गेलो होतो. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "मामा, त्यो टायर निघाला काहून?"

"हवा जास्त झाली आसंल," मी म्हणालो.

"मागच्या चाकात तेवढीच हाय. मागचा न्हाई निघाला."

"मग उतारावर ब्रेक..."

"ब्रेक तर लावलाच नव्हता मी."

त्या भांडत नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तापाचं कारण विचारावं तसं त्या विचारत होत्या. आणि मला अडतीस वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य म्हणावं लागलं, "मला म्हाईत न्हाई, बाई."

गयाबाई सुपातून खडा उचलून बाजूला टाकत म्हणाल्या, "म्हाईत न्हाई तर बसवला कशाला?"

मी उठलो आणि सायकलीचं पुढचं चाक खोलायला बसलो.

ते चाक आणि चिरलेला जुना टायर सोबत घेऊन मी गंगाखेडला परतलो. त्या आठवड्यात दुकानात पंक्चरशिवाय दुसरं काम घेतलं नाही. दोन रिमा शेजारी ठेवल्या. एक वंदनाबाईंची, एक बायकांच्या सायकलीची. डोळ्यांना फरक दिसत नव्हता. मग करीमचाचांचं बोलणं आठवलं आणि बारीक तार घेतली. रिमच्या आत, जिथं टायरची कड येऊन बसते, त्या खोबणीतून ती तार पूर्ण गोल फिरवली, जिथं टोकं जुळली तिथं कापली. दुसऱ्या रिमचीही तशीच कापली. दोन्ही तारा सरळ करून जमिनीवर शेजारी ठेवल्या. वंदनाबाईंच्या रिमची तार पाऊण इंचानं आखूड होती.

पाऊण इंच. म्हणजे ज्या चाकावर साडेसत्तावीस लिहिलंय ते माझ्या सव्वीसपेक्षा लहान होतं. मी पुन्हा मापलं. चहावाल्याला बोलावून त्याच्याकडून मापून घेतलं. तीच गोष्ट. टायर एवढा अलगद का बसला ते तेव्हा कळलं. तो माझ्या हाताचा गुण नव्हता, तो टायर रिमला मोठा होत होता. हवा कमी असेपर्यंत कसाबसा थांबला, हवा कडक झाल्यावर त्याची कड रिमवरून उडी मारून बाहेर आली.

पण मग साडेसत्तावीस हे सव्वीसपेक्षा लहान कसं? मी भिंग काढलं आणि दोन्ही टायरांची बाजू वाचायला बसलो. काळ्यावर काळी अक्षरं, दिसेनात. शाळेचा खडू आणून घासला तेव्हा उठून आली. पातळ सव्वीसवर मोठ्या आकड्याशेजारी बारीक अक्षरांत होतं ३७-५९०. चिरलेल्या साडेसत्तावीसवर होतं ५४-५८४. पाचशे नव्वद आणि पाचशे चौऱ्याऐंशी. सहाचा फरक. तारेचा पाऊण इंच म्हणजे घेर, त्याला बावीस सप्तमांशानं भागून व्यास काढला तर सहा मिलीमीटरच येत होते. मी पाटीवर तीनदा मांडून बघितलं.

एवढं साधं होतं. पहिला आकडा टायरच्या जाडीचा, दुसरा आकडा रिमच्या त्या खोबणीच्या व्यासाचा, जिथं टायर बसतो, दोन्ही मिलीमीटरमध्ये. मोठ्या अक्षरांतला इंचाचा आकडा हा टायर फुगल्यावर बाहेरून अंदाजे किती उंच दिसेल त्याचा, आणि तोही ज्यानं त्यानं आपापल्या देशात, आपापल्या रीतीनं ठेवलेला. वर जाड टायर असेल तर लहान रिमचं चाकही बाहेरून मोठं दिसणार. म्हणजे पागोट्यासकट माणसाची उंची मोजल्यासारखं.

मग मला नादच लागला. दुकानातला एकेक टायर खाली काढायचा, खडू घासायचा, बारीक आकडा वहीत लिहायचा. पोरांच्या डोंगरी सायकलीचा सव्वीस निघाला पाचशे एकोणसाठ. म्हणजे सव्वीस नावाची दोन चाकं, आणि दोघांमध्ये एकतीस मिलीमीटरचं अंतर. गिऱ्हाइकं नवीन आणलेल्या एकोणतीसच्या सायकलीचं कौतुक सांगायची, तो निघाला सहाशे बावीस. आणि आपली गड्यांची काळी अठ्ठावीस, जिच्यावर आमच्या बापानं ज्वारीची पोती वाहिली, ती निघाली सहाशे पस्तीस. अठ्ठावीस मोठी, एकोणतीस लहान. मी हे चहावाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मिस्त्री, ऊन लागलंय तुमाला." मग त्यालाही तारा दाखवल्या.

सगळ्यात शेवटी माळ्यावरचं एक बंडल राहिलं होतं. ते त्या बंद पडलेल्या जाड सव्वीसचे टायर, दीड इंची. घेणारं कुणी उरलं नाही म्हणून वर टाकलेले. त्यातले दोन उंदरांनी कुरतडले होते, रबराला तडे होते. एकच कागदात गुंडाळलेला चांगला होता. खडू घासला. ४०-५८४.

मी शिडीवरच बसून राहिलो. वंदनाबाईंचा टायर माझ्या डोक्यावर माळ्यावर पडलेला होता. परभणीची वाट बघायची गरज नव्हती. त्या दिवशी मी फक्त बारीक अक्षरं वाचली असती तर त्यांचा हात शाबूत राहिला असता. शोध लागल्याचा आनंद आणि ही टोचणी एकाच वेळी आली, आणि दोन्ही अजून सुटलेल्या नाहीत.

तो टायर रिमवर चढवताना दोन पाने लागले, घाम निघाला, अंगठा सोलला. बरोबर मापाचा टायर हाताला त्रास देतो. हे मी नंतर प्रत्येकाला सांगत गेलो.

चाक घेऊन पुन्हा राणीसावरगावला गेलो. गयाबाईंनी त्या चाकाकडं असं बघितलं, जणू मी विंचू आणलाय. वंदनाबाईंना मी दोन्ही तारा दाखवल्या, वही दाखवली, खडू घासून आकडे वाचायला लावले. त्यांनी सगळं नीट ऐकलं आणि म्हणाल्या, "ह्यो निघणार न्हाई हे कशावरून?"

रास्त प्रश्न होता. टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक रेघ असते. टायर नीट बसला असेल तर ती रेघ रिमपासून सगळीकडं सारख्या अंतरावर दिसते, कुठं बुडत नाही, कुठं वर येत नाही. ते मी दाखवलं. मग त्यांच्याच सांगण्यावरून हवा कडक भरली आणि सायकल अंगणात तशीच उन्हात दोन दिवस उभी ठेवायचं ठरलं. कुणी बसायचं नाही. बसणारही कोण होतं म्हणा. दोन दिवसांनी वंदनाबाईंचा फोन आला. टायर जागेवर होता. गयाबाई दोन दिवस शेळ्यांना सायकलीजवळ फिरकू देत नव्हत्या, हेही त्यांनी हसत सांगितलं.

प्लास्टर सुटायला दीड महिना गेला. त्या काळात वाड्यांवर त्या जीपनं जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. तापानं पडलेली ती तांड्यावरची म्हातारी बरी झाली, पण आणखी एकाची बीपीची गोळी चार दिवस चुकली, त्याचं त्यांना फार लागलं होतं. प्लास्टर सुटल्यावर पहिल्याच फेरीत त्यांच्या लक्षात आलं की मुरमाचा प्रत्येक खडा सरळ मनगटात येतोय. त्यांनी मला फोन केला. "मामा, पुढं स्प्रिंग हाय म्हणत्यात, मग ही दबत काहून न्हाई? माझा भाऊ तर म्हणायचा लय मऊ हाय."

जिभेवर आलं होतं की शोभेची आहे. गिळलं. म्हणालो, "मला म्हाईत न्हाई. उघडून बघू. पण मी कधी उघडला न्हाई."

"मग दोघं मिळून उघडू," त्या म्हणाल्या.

तर एका रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात पोतं अंथरून आम्ही तो फोर्क उघडला. वंदनाबाईंनी मोबाइल पाण्याच्या घागरीला टेकवून ठेवला होता. त्यावर कुठल्याशा परदेशी माणसाचा व्हिडिओ. त्याचं बोलणं आम्हाला कळत नव्हतं, पण हात कळत होते. तो एक गोष्ट करायचा, वंदनाबाई बोटानं त्याला थांबवायच्या, मग आम्ही ती करायचो.

चाक काढलं, ब्रेक सोडला. फोर्कच्या दोन्ही पायांच्या बुडाला आत खोलवर एकेक बोल्ट असतो, त्याला लांब एल पाना लागतो. डावा बोल्ट फिरवला तर नुसता गरगर फिरत राहिला, सुटेना. आतली दांडीच सोबत फिरत होती. वंदनाबाईंनी व्हिडिओ मागं नेऊन बघितला. "मामा, त्यो माणूस फोर्क दाबून धरायलाय." मी छातीचा भार देऊन फोर्क दाबला. एरवी दबत नव्हता तो थोडासा दबला, आतल्या स्प्रिंगनं दांडी धरून ठेवली आणि त्यांनी उजव्या हातानं बोल्ट सोडवला. बोल्ट पूर्ण काढायचा नाही, थोडा बाहेर ठेवून त्यावर लाकडी ठोकळ्यानं मारायचं, म्हणजे आतली दांडी जागा सोडते. मग खालचे दोन्ही पाय खेचून काढायचे.

ते निघाले तेव्हा आतून पाणी आलं. तांबडं, गंजाचं, मुरमाचं पाणी. मागून काळी चिकट घाण. गयाबाई ओसरीतून उठून बघायला आल्या. "आगं बया, मोरी तुंबल्यावानी झालंय की हे," त्या म्हणाल्या, आणि मग तिथंच बसल्या.

पाणी आत कसं गेलं हे वंदनाबाईंनी स्वतःच सांगितलं. त्या दर आठवड्याला सायकल धुवायच्या, नळीचं पाणी जोरात मारून. फोर्कच्या चकचकीत नळीवर गंज नको म्हणून खोबरेल लावायच्या. तेलावर धूळ बसायची, धूळ रबरी सीलखाली शिरायची आणि सील खाऊन टाकायची. मी त्यांना काय बोलणार? दुकानात मी स्वतः त्याच जागी चेनचं तेल सोडायचो आणि वर म्हणायचो, सर्व्हिसिंग केलं.

आणखी एक गंमत निघाली. माझी समजूत होती की दोन्ही पायांत स्प्रिंग असते. स्प्रिंग एकाच पायात होती, डाव्या. उजव्यात एक दांडी आणि रबराचा तुकडा, बाकी मोकळं. आम्ही दोघंही त्या रिकाम्या नळीत वाकून वाकून बघत होतो.

"उजवा पाय नुसता सोबतीला हाय का?" वंदनाबाईंनी विचारलं.

"घरोघरी तसंच आसतंय," गयाबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा विनोद ऐकला.

सगळं रॉकेलनं धुतलं, जुन्या धोतराच्या चिंध्यांनी कोरडं केलं. फोर्क उघडला की सील बदलावेच लागतात म्हणून ते भावाकडून पुण्याहून आधीच मागवले होते, ते बसवले. चक्कीच्या बेअरिंगला लावतात ते घट्ट ग्रीस नाही लावायचं, तसल्या ग्रीसनं फोर्क सुस्त होतो, म्हणून भावानं सीलबरोबर खास पातळ ग्रीसही पाठवलं होतं. ते बोटानं हलकंच लावलं. फोर्क जोडला. मी हँडलवर भार दिला तर तो खाली गेला आणि वर आला. कितीतरी वेळ मी तेवढंच करत होतो.

पण वंदनाबाई बसल्या तेव्हा तो जेमतेम हलला. त्यांचं सगळं वजन बेचाळीस किलो. व्हिडिओतल्या माणसानं नळीवर एक रबरी कडी चढवली होती. वंदनाबाईंनी आपल्या वेणीचं बारीक रबर काढून तिथं चढवलं, सीलला टेकवलं, सायकलीवर बसल्या, हळूच उतरल्या. रबर जेवढं सरकलं तेवढा फोर्क त्यांच्या वजनानं खाली गेला. पाच मिलीमीटर. फोर्कची चाल, म्हणजे पूर्ण दबायची जागा, शंभर मिलीमीटरची, नुसतं बसल्यावर वीस-पंचवीस तरी जायला पाहिजेत. स्प्रिंग भावाच्या वजनाची होती, ऐंशी किलोच्या गड्याची. स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायची वरची गुंडी पूर्ण सैल केली तरी रबर आठवरच गेलं.

मऊ स्प्रिंग शोधायला मला तीन आठवडे लागले. परभणीच्या भंगार बाजारात मोडलेल्या लहान सायकलींचे फोर्क मी एकेक करून उघडले. आता उघडायची भीती गेली होती. पाचव्या फोर्कमध्ये बारीक तारेची, तेवढ्याच लांबी-रुंदीची स्प्रिंग मिळाली. ती बसवल्यावर वेणीचं रबर बावीसवर थांबलं.

तेव्हापासून वंदनाबाई फोर्क स्वतः सांभाळतात. रोज घरी आल्यावर नळी कोरड्या फडक्यानं पुसायची, पाण्याचा जोर मारायचा नाही, तेल लावायचं नाही, पावसाळा संपला की अंगणात पोतं अंथरून उघडायचा. एल पाना त्या उजव्या हातानंच फिरवतात. डाव्या हाताचा तळवा पुरता वर वळत नाही. त्या ओंजळीनं पाणी प्यायला बसल्या की एका बाजूनं गळतं. माझ्यासमोर त्या फुलपात्रानं पितात. का ते मला कळतं, आणि मला कळतं हे त्यांनाही कळतं.

मऊ स्प्रिंग बसवली त्याच दिवशीची एक गोष्ट राहिली. सगळं जोडून झालं होतं. वंदनाबाई म्हणाल्या, "मामा, तुमी बघा की चालवून."

"मी?"

"मग? अडतीस वर्सं लोकांच्या सायकली दुरुस्त करायलाव, ही कशी चालती ते नगं का कळाया?"

खरं सांगायचं तर मी डोंगरी सायकल कधी चालवलीच नव्हती. दुरुस्त झालेली सायकल दुकानासमोर दहा पावलं फिरवून बघायची, एवढंच माझं चालवणं. धोतराचा सोगा खोचला आणि बसलो. त्यांच्या घरामागून ओढ्याकडं मुरमाचा उतार जातो. पहिल्या दगडावर मी सवयीनं दात आवळले, पण धक्का हातापर्यंत आलाच नाही. चाक वर गेलं, खाली आलं, आणि माझे हात होते तिथंच राहिले. पुढचा दगड मी मुद्दाम धरला. त्याच्या पुढचाही. ओढ्यापाशी थांबून वेणीचं रबर बघितलं, ते नळीवर बरंच वर गेलं होतं. चढावर दम लागला म्हणून उतरून सायकल ढकलत वर आलो. वंदनाबाई आणि गयाबाई दोघी अंगणाच्या कडेला उभ्या होत्या.

"कशी हाय, मामा?" वंदनाबाईंनी विचारलं.

"आजून एक चक्कर मारून सांगतो," मी म्हणालो, आणि सायकल पुन्हा उताराकडं वळवली.